बॉर्डर कॉली, दोन बेडरूमचा फ्लॅट आणि दमायचं नाव नाही. काय करावं?

पाथर्डीफाटा_पूर्वा – ४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आमच्याकडे झिपरी नावाची बॉर्डर कॉली जातीची कुत्री आहे, वय अकरा महिने. भावाला कामासाठी परदेशात जावं लागलं, तेव्हापासून ती आमच्याकडे. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरात मी, नवरा, सासरे आणि दुसरीतला मुलगा.

पोरगी फार गोड आहे आणि हुशार इतकी की दरवाजाची कडी बघून बघून उघडायला शिकली. पण दमत नाही. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर फिरवतो. वर नवरा मागच्या मोकळ्या प्लॉटवर चेंडू फेकतो. घरी येते, पाणी पिते आणि चेंडू आणून पुन्हा पायाशी ठेवते. सोसायटीतली मुलं सायकलवर गोल फिरायला लागली की ही आधी जमिनीला पोट टेकून दबा धरते, मग सुटते आणि त्यांना एका कोपऱ्यात गोळा करते. जो गोळा होत नाही त्याच्या टाचेला दात लावते. रक्त आलेलं नाही, पण एका मुलीची लेगिंग फाटली आणि तिच्या आईने माझ्याशी बोलणं सोडलंय. स्कूटरवर पण झेप घेते. आणि हल्ली एक नवीन सुरू झालंय, पंख्याची सावली भिंतीवर हलली की तिच्यामागे लागते. हाक मारली तरी ऐकत नाही.

सासरे म्हणतात, दिंडोरीला तुझ्या मामांचा मळा आहे, तिथे सोडून देऊ, मोकळी राहील. नवऱ्याचं मन होत नाही. माझंही नाही. पण तिला इथे कोंडून ठेवून आपण तिच्यावर अन्याय तर करत नाही ना, हे डोक्यातून जात नाही. अशी जात फ्लॅटमध्ये सुखाने राहू शकते का? अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगा.

कॉलेजरोड_कट्टा – ४ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पोरांना गोळा करून एका कोपऱ्यात उभं करते? आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना हे निवृत्तीपर्यंत जमलं नाही. पगार सुरू करा तिला.

बाकी गंभीरपणे, या धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या बिल्डिंगमध्येही एक हस्की आलाय.

शिस्तप्रिय – ४ फेब्रुवारी, रात्री ११:०२

ताई, लाड कमी करा. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घाला, टाचेला गेली की एक जोरात झटका. दोन-चार वेळा झालं की समजतं. आमच्या घरी लहानपणापासून अल्सेशियन होते, वडिलांचा आवाज चढला की खाटेखाली. कुत्र्याला मालक कोण ते कळलं पाहिजे.

इंदिरानगर_रीमा – ५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

@शिस्तप्रिय, खाटेखाली जाणारा कुत्रा घाबरलेला असतो, शिकलेला नसतो. आणि इथे तर मामला लहान मुलांचा आहे. मूल सायकलवरून जवळ आलं की गळ्याला झटका बसतो, हे चार वेळा झालं तर कुत्रीच्या डोक्यात गणित काय बसेल? मूल दिसलं की दुखतं. आज ती खेळ म्हणून टाचेला लागते, उद्या भीतीने खरंच चावेल. जर्मन शेफर्ड, म्हणजे तुमचा अल्सेशियनच, मीही पाळते, हा माझा दुसरा. एकालाही चोक चेन लागली नाही.

पूर्वा, तू केलेलं वर्णन कॉलीचं तंतोतंत आहे. ती खोडी काढत नाहीये, तिच्या पूर्वजांना ज्यासाठी निवडलं तेच काम करतेय. डोळे रोखायचे, दबा धरायचा, वळसा घालून कळप वळवायचा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या यासाठीच कुत्री जुळवली. आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानतात तो ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला. आरडाओरडा न करता, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा म्हणून लोकांनी त्याची पिल्लं मागून नेली. तुझ्याकडे मेंढ्या नाहीत, पण सायकलवरची पोरं आहेत.

देवळाली_कॅम्प – ५ फेब्रुवारी, सकाळी ९:४८

पूर्वाताई, मी फौजेतून निवृत्त, श्वानपथकात काम केलेला माणूस. मोठं लिहितोय, शांतपणे वाचा.

पहिली गोष्ट, चेंडू आजपासून कपाटात. तुम्हाला वाटतं धावून धावून ती दमेल. उलट होतं. रोज चेंडू फेकला की शरीर रोज थोडं अधिक तयार होतं, पुढच्या महिन्यात तेवढ्या धावण्याने तिला काहीच वाटत नाही. आणि चेंडूमागे सुटताना डोकं जे तापतं ते घरी आल्यावर लगेच थंड होत नाही. म्हणून पाणी पिऊन चेंडू परत पायाशी. ती दमलेली असते, पण थांबता येत नाही. थांबणं हे या जातींना शिकवावं लागतं, बसायला शिकवतो तसंच.

लोकांना वाटतं फौजेतला कुत्रा दिवसभर धावतो. तसं नसतं. काम थोडा वेळ, पण पूर्ण मन लावून. मग पाणी, मालिश, आणि केनेलमध्ये सक्तीची विश्रांती. काम आणि आराम यांच्यामधली रेघ ठळक असते. ज्या कुत्र्याला आराम करता येत नाही तो कामालाही टिकत नाही. मॅलिनॉइजसारखा कुत्रा, ज्याच्यापुढे तुमची कॉली शांत वाटेल, तोही हँडलरच्या पायाशी तासभर निवांत पडून राहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागला गोळ्या लागूनही लढलेला आणि नंतर उपचार चालू असताना गेलेला लष्कराचा कुत्रा झूम आठवत असेल. तशी हिंमत जातीत असते, पण हुकूम येईपर्यंत थांबायचं हे शिक्षण असतं.

तर करायचं काय. एक चटई घ्या, तिची आणि फक्त तिचीच. ती आपणहून चटईवर गेली, की काही न बोलता दोन पंजांच्या मध्ये तिच्या कोरड्या खाण्याचा एक दाणा ठेवा. खाली बसली, आणखी एक. मान टेकवली, आणखी एक. हुकूम द्यायचा नाही, हात लावायचा नाही, ‘शाब्बास’ सुद्धा हळू. सुरुवातीला उठून जाईल, जाऊ द्या. काही दिवसांत घरात गडबड झाली की ती स्वतः चटई शोधेल. नंतर तीच चटई गुंडाळून खाली बागेत, मग मुलं खेळतात तिथून लांब.

दुसरं, वाडग्यात जेवण बंद. दिवसभराचं कोरडं खाणं मोजून डब्यात ठेवा आणि सगळं कामातून द्या. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गाठ मारा, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली टाका, बाल्कनीत विखरून ‘शोध’ म्हणा. नाकाने पंधरा मिनिटं काम केलेला कुत्रा तासभर चालून आलेल्यापेक्षा लवकर झोपतो. हे मी असंख्य कुत्र्यांत पाहिलंय.

पाथर्डीफाटा_पूर्वा – ५ फेब्रुवारी, दुपारी १:०५

काका, मनापासून आभार. चेंडू कपाटात गेला. ती कपाटासमोर बसून कपाटाकडे बघतेय.

कॉलेजरोड_कट्टा – ५ फेब्रुवारी, दुपारी १:१२

कपाटाला पाय असते तर एव्हाना कोपऱ्यात गेलं असतं.

सिन्नरचा_वाडा – ५ फेब्रुवारी, रात्री ८:४०

आमच्या घरात पिढीजात मेंढरं. आजा, बाप वाड्यामागे म्हणजे कळपामागे फिरले, मी कंपनीत लागलो. रीमाताईंनी लिहिलेलं वाचून सांगावंसं वाटलं की आपल्याकडची मेंढपाळाची कुत्री वळवायचं काम करत नाहीत. कळप आपण स्वतः हाकतो, तोंडाने आवाज काढून आणि काठीने. कुत्री राखणीला. दिवसा मेंढरांसोबत सावलीत पडून असतात, रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडतो त्या जाळीभोवती, जागतात. लांडगा आला तर भिडतात. त्यामुळे आपली कुत्री दिवसभर निवांत दिसतात आणि कॉली वेड्यासारखी धावताना दिसते. दोघंही मेंढराचीच कुत्री, पण धंदे वेगळे. आमच्या कुत्र्याने मेंढराच्या टाचेला तोंड लावलं असतं तर आज्याने त्याला वाड्यात ठेवलं नसतं.

म्हणून ‘शेफर्ड डॉग आहे, मळ्यावर सोडा, रमेल’ हे ऐकलं की काळजी वाटते. कोणाच्या शेळ्या पळवल्या, एखादी गाभण शेळी तारेत अडकली, तर गावात भांडण होईल. त्यात कुत्रीचं काय होईल ते सांगायला नको.

निफाडचा_बागाईतदार – ५ फेब्रुवारी, रात्री ९:५५

मळ्याचा विषय निघालाच आहे तर मळेवाल्याचंही ऐका.

शहरातल्या लोकांच्या डोळ्यासमोर मळा म्हणजे हिरवं रान आणि त्यात पळणारं कुत्रं. माझ्याकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांना जी पेस्ट लावतो ती काडीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून लावतात, पण माणसालाही हातमोज्याशिवाय चालत नाही इतकी जहाल. पुढे डाऊनी, भुरी या रोगांच्या फवारण्या. पाऊस झाला तर फवारणीचा ब्लोअर दिवसाआड. कुत्रं त्या ओल्या गवतातून चालणार आणि पाय चाटणार. आता या दिवसांत द्राक्षांचा खुडा चालू आहे, वेलीखाली द्राक्षमण्यांची गळ पडलेली असते. आणि द्राक्ष कुत्र्याला विष आहे. मनुका, बेदाणे त्याहून वाईट, कारण सुकवलेले. किडन्या जातात. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, एखादं थोडक्यात जातं, आधी सांगता येत नाही. आपल्या जिल्ह्याचं दुसरं पीक कांदा, तोही चालत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मग लासलगाव-निफाड भागात कांद्याच्या चाळीपाशी बांधलेली कुत्री जगतात कशी? जगतात, कारण ती अनुभवी आहेत आणि बांधलेली आहेत. हाच मुद्दा आहे. मळ्यावरचं कुत्रं बहुतेक वेळ साखळीला असतं. रात्री सोडतात, तर बिबट्या. उसात बिबट्याने घर केलंय हे इथे लहान पोरालाही माहीत आहे, आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. आमच्या शेजारच्या वस्तीवर लोखंडी पिंजरा करून त्यात कुत्र्याला झोपवतात.

तुमच्या मामांचा जीव असेल कुत्र्यांवर, तर गोष्ट वेगळी. पण ‘मोकळी राहील’ हे गृहीत धरू नका. तुमच्या फ्लॅटमध्ये तिच्यासोबत दिवसभर माणसं आहेत.

पशुवैद्य_सातपूर – ६ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

निफाडच्या दादांनी फार महत्त्वाचं लिहिलं. थोडी भर. द्राक्षांत नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेचा कोळ, चिंचगुळाची आमटी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. द्राक्षं खाल्ली असं कळलं तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना. पहिल्या दोनेक तासांत उलटी करवून बरंच बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, त्याने वेगळाच धोका होतो.

आता झिपरीबद्दल तीन गोष्टी.

सावलीमागे धावणं गंमत समजू नका. कॉलीमध्ये ही सवय लवकर जडते आणि पुढे सुटत नाही, खाणं-पिणं सोडून भिंत बघत बसणारी कुत्री मी तपासली आहेत. पंख्याजवळचा दिवा बदला, दुपारी पडदे ओढा, आणि सुरू झालं की ओरडू नका, हसूही नका. शांतपणे तिथून बाहेर काढा आणि नाकाचं काम द्या. लेझरच्या लाल ठिपक्याचं खेळणं घरात असेल तर आजच फेका. चार-सहा आठवड्यांत कमी झालं नाही तर औषधाचाही पर्याय असतो, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

दुसरं, आयव्हरमेक्टिन. गोचीड, खरूज म्हटलं की मेडिकलवाला किंवा ओळखीचा कोणी ‘एक इंजेक्शन मारून टाका’ म्हणतो. कॉलीच्या काही कुळांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो, त्यामुळे हे औषध मेंदूत साचतं. कुत्रं लडखडतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं, जीवही जातो. रफ कॉलीत हा दोष खूप, बॉर्डर कॉलीत कमी, पण असतो. चाचणी करता येते. तोपर्यंत फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘कॉली’ लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला आठवण करून द्या.

तिसरं, अकरा महिन्यांच्या कुत्रीच्या हाडांची टोकं अजून वाढताहेत. उड्या मारून चेंडू झेलणं, स्कूटरच्या मागे पळवणं, जिन्यावरून वर-खाली धावडवणं नको. साधारण दीड वर्षाची झाल्यावर बघू.

शिस्तप्रिय – ६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

सगळे माझ्यावरच घसरलेत. एवढंच विचारतो, कुत्री मुलाच्या टाचेला जातेय त्या क्षणी चटई आणि दाणे कुठून आणणार? त्या क्षणी काय करायचं ते सांगा की.

इंदिरानगर_रीमा – ६ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की तो क्षण येऊच द्यायचा नाही. प्रत्येक वेळी ती सुटते, मुलाला वळवते, तेव्हा तिला मजा येते आणि सवय आणखी पक्की होते. तेव्हा काही महिने सोसायटीत ती मोकळी नाही म्हणजे नाही. छातीच्या पट्ट्याला लांब दोरी, पाच मीटरची. गळ्याला नको, धावत जाऊन दोरी संपली की मान मोडेल.

मग मुलं सायकल चालवतात तिथून इतकं लांब उभं राहायचं की तिला मुलं दिसतील पण ती दबा धरणार नाही. आमच्या वेळी ते अंतर जवळजवळ दोन बिल्डिंग होतं. ती मुलांकडे बघते, कान टवकारते. त्या क्षणी ‘हो’ म्हणायचं आणि तोंडासमोर चिकनचा तुकडा. ती वळून तुझ्याकडे बघेल. पुन्हा मुलांकडे, पुन्हा ‘हो’, पुन्हा तुकडा. काही दिवसांनी तुला दिसेल की सायकल दिसली की ती आपणच मान वळवून तुझ्याकडे बघते, ‘दिसली बघ, दे’ असं. मग एक पाऊल जवळ. दबा धरला तर समजायचं फार जवळ आलो, मागे फिरायचं. स्कूटरचंही असंच, सुरुवात उभ्या स्कूटरपासून.

घरच्या मुलाला एवढंच शिकव की ती मागे लागली तर पळायचं नाही, हात घडी आणि झाडासारखं उभं राहायचं. पळणारं थांबलं की तिचा खेळ संपतो.

गंगापूररोड_आजोबा – ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२५

सोसायटीचा माजी सचिव म्हणून दोन शब्द. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरू नका असंही म्हणू शकत नाही. पण कायदा दाखवून शेजार टिकत नाही. त्या मुलीच्या आईकडे एकदा स्वतः जा, नवी लेगिंग घेऊन. रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवा, दोरी लावली आहे आणि शिक्षण चालू आहे ते सांगा. महापालिकेचा परवाना काढलेला नसेल तर काढा. बहुतेक भांडणं ही कुत्र्यापेक्षा न बोलण्यामुळे वाढतात, हे मी तीस फ्लॅटच्या मीटिंगा चालवून शिकलोय.

अवांतर: आमच्या लहानपणी गंगापूर रोडला संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. आता हॉर्न.

मालेगावचा_कारवान – ६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

थोडं वेगळं मत. माझ्याकडे कारवान आहे. सशामागे धावायला घडलेली जात, वेग बघून डोळे दिपतात. पण दहा मिनिटं जीव तोडून धावला की उरलेला दिवस सोफ्यावर. त्याला दाणे शोधण्यात काडीचा रस नाही. म्हणजे सगळ्या कामाच्या कुत्र्यांना एकच नियम लागू नाही. देवळालीकाका म्हणतात धावणं कमी, नाक जास्त. ते कॉलीला, मॅलिनॉइजला ठीक. आमच्या पठ्ठ्याला आठवड्यातून दोनदा बंदिस्त मैदानात मोकळं सोडलं नाही तर तो उदास होतो.

देवळाली_कॅम्प – ७ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

@मालेगावचा_कारवान, पूर्ण सहमत. ज्या कामासाठी जात घडली ते काम ओळखायचं, बाकी मागून येतं. कॉलीला माणसाचा शब्द ऐकून विचार करायला आवडतं. अमेरिकेत चेसर नावाच्या कॉलीने हजाराहून जास्त खेळण्यांची नावं लक्षात ठेवली होती, तिला सांभाळणाऱ्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०११ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. पूर्वाताई, तुमच्या मुलाला हे काम द्या. एका खेळण्याचं एकच नाव, रोज थोडं.

आणि एक खेळ सांगतो. छोटी पत्र्याची डबी, झाकणाला भोकं, आत दोन-तीन लवंगा. आधी डबी हुंगली की दाणा. मग डबी समोर ठेवून, मग पडद्यामागे, मग दुसऱ्या खोलीत. डबी नीट बंद हवी, लवंग खायला द्यायची नाही. फौजेत याच पायरीने वास शिकवतात, फक्त वास वेगळे.

पाथर्डीफाटा_पूर्वा – १ मार्च, रात्री ९:४०

सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, कारण सांगितलेलं करून बघत होतो.

सगळ्यात आधी लवंगेची डबी. हा खेळ आमच्या घरात असा काही रुजलाय की विचारू नका. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून डबी लपवतो. काल त्याने ती देवघराच्या खाली, समईच्या डब्यामागे ठेवली होती. झिपरी आधी हॉलमध्ये जमिनीलगत नाक ठेवून गेली, सोफ्यापाशी थांबली, परत फिरली. मग दारातच मान वर केली आणि नाकपुड्या हलायला लागल्या, वास वरून येतोय का खालून ते बघत होती. शेपूट आधी संथ, मग जवळ गेल्यावर जोरात. डबी सापडली तशी पुढचे दोन पाय दुमडून बसली आणि मुलाकडे बघत राहिली, हात लावला नाही. तो आनंदाने किंचाळला. नंतर ती चटईवर गेली आणि चक्क झोपली. दुपारी! आमच्या घरात दुपारी झोपलेली झिपरी कोणी पाहिली नव्हती.

सावलीमागे धावणं बरंच कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. पंख्याजवळची ट्यूब बदलली. डॉक्टरांकडे चाचणीसाठी रक्त दिलंय. स्कूटर अजून कठीण आहे, उभी असेल तर चालते, सुरू झाली की कान मागे. सायकलींना आता एका बिल्डिंगच्या अंतरावरून बघून ती माझ्याकडे वळते.

लेगिंगवाल्या ताईंकडे गेले होते. आजोबा, तुमचं ऐकलं. पहिल्यांदा दारातच उभं ठेवलं, मग चहा झाला. त्यांची मुलगी आता रोज विचारते, झिपरीला डबी मी लपवू का.

आणि दिंडोरी. मामांशी फोनवर बोलले. त्यांनी स्वतःच सांगितलं, आणायची तर आण, पण बांधून ठेवावी लागेल, मागच्या पावसाळ्यात आमचा कुत्रा बिबट्याने नेला. हे सासऱ्यांनी स्पीकरवर ऐकलं. त्यानंतर त्यांनी विषय काढलेला नाही. सकाळी पेपर वाचताना तिच्या पंजांमध्ये दाणे ठेवायचं काम त्यांनीच घेतलंय, आणि दुसऱ्या कोणी ठेवलेले त्यांना चालत नाहीत.

सिन्नरचा_वाडा – १ मार्च, रात्री १०:०२

वाचून बरं वाटलं. राहू द्या तिला तुमच्यापाशीच.

पशुवैद्य_सातपूर – २ मार्च, सकाळी ७:५०

उत्तम. आता ऊन वाढेल. फिरणं सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवता आली नाही तर तिचे पायही टेकवायचे नाहीत. कॉली स्वतः थांबत नाही, ऊन लागेपर्यंत धावते, म्हणून थांबवणं तुमचं काम. जीभ लांब बाहेर, हिरड्या गडद लाल, पाय लटपट, असं दिसलं की सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं दवाखान्यात आणा. आणि उन्हाळा म्हणून अंगावरचे केस भादरू नका, दोन थरांचे ते केस उन्हापासूनही वाचवतात. रोज विंचरा, तेवढ्यात कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का तेही कळतं. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. गोचीडतापात उशीर महागात पडतो.

निफाडचा_बागाईतदार – २ मार्च, दुपारी १२:४५

पूर्वाताई, खरड छाटणी होऊन काड्या उचलल्या की बांधावर मोकळी जागा असते. फवारणी नसलेला दिवस मी कळवीन. झिपरीला घेऊन सकाळी या, दोरीवर. लवंगेची डबी आमच्या पोरांनाही बघायचीय.

शिस्तप्रिय – २ मार्च, रात्री ९:१०

माझं मत पूर्ण बदललंय असं नाही, पण ती डबीची गोष्ट आवडली. आमच्या घरी सध्या लॅब आहे, सोफा कुरतडतो. दाणे किती मोठे घ्यायचे?

इंदिरानगर_रीमा – २ मार्च, रात्री ९:२२

@शिस्तप्रिय, त्याच्या रोजच्या खाण्यातलेच घ्या, वेगळं काही नको. लॅब आहे, मोजून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत गोल होईल.

हस्कीचा_शेजारी_सिडको – ५ मार्च, रात्री ११:३०

नमस्कार, नवीन सभासद. पूर्ण धागा वाचला. मी मॅलिनॉइजचं पिल्लू बुक केलंय, पुढच्या आठवड्यात येतंय. सिडकोत रो हाऊस आहे. काय काय तयारी करू?

देवळाली_कॅम्प – ६ मार्च, सकाळी ६:४०

स्वागत. तयारी नंतर सांगतो. आधी सांगा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोण असतं?